सात घरांची भाटी: कोल्हापुरातल्या मांजरांची अद्भुत कादंबरी लिहितेय, जाणकारांची मदत हवी

परड्यातली_जाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय. अद्भुतकथा म्हणा. माणसं तिच्यात फक्त पायांपुरती येतात, बाकी सगळी मांजरं. नायिका एक करडी भाटी आहे. मांजरीला भाटी म्हणणारी माणसं आता आमच्या गल्लीतही मोजकीच उरलीत, म्हणून तो शब्द मी मुद्दाम धरून ठेवलाय.

बीज पडलं २०१९ च्या ऑगस्टात. आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं. आम्ही मोबाइलवर आकडे बघत बसलो होतो. परड्यातली मांजर मात्र आकड्यांची वाट बघत बसली नाही. आदल्या रात्रीच तिनं पिल्लं उचलली. एक तोंडात धरून भिंतीवरून शेजारच्या माळ्यावर नेलं, परत आली, दुसरं नेलं. आजी म्हणाली, "मांजर पिल्लांना सात घरं दाखवती. ही आत्ता दुसऱ्या घरात निघाली." पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, पण ती काही परत दिसली नाही. उरलेली पाच घरं कुठली असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

कादंबरीतली जादू एकच आहे. भाटीनं उंबऱ्याला गाल घासला की ते घर तिच्याशी बोलतं. त्या घरात कोण जेवलं, कोण रडलं, कोण दार ओढून गेलं ते परत आलंच नाही, सगळं. मांजरं गाल घासून आपला वास ठेवतात आणि दुसऱ्याचा घेतात, ते आपण रोज बघतोच. मी त्याला फक्त शब्द दिलेत. मग पूर येतो आणि सगळे वास धुऊन नेतो. घरं मुकी होतात. भाटीला पिल्लांसाठी अशी सात घरं शोधायची आहेत जी अजून बोलतात.

मांजरांना मी कपडे घालणार नाही, दोन पायांवर चालवणार नाही, त्यांना राजा, प्रधान, सैन्य काही देणार नाही. तसं केलं की ती मांजरं राहत नाहीत. जे अद्भुत असेल ते त्यांच्या अंगात मुळातच जे आहे त्यातून यावं, एवढा माझा हट्ट आहे.

तीन पिल्लं आहेत: एक काळी मादी, एक करडी मादी आणि एक केशरी बोका, त्याचं नाव केशऱ्या. रस्ता पेठेतून गंगावेस, पुढं गूळ करणारं एक गुऱ्हाळ, मग शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि शेवट अंबाबाईच्या देवळाजवळ, असा ठरवलाय. मांजराला कोल्हापूर कसं दिसत असेल, कसं ऐकू येत असेल, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चुका दाखवल्यात तर जास्तच आनंद होईल.

दूधकट्टा

जाईताई, वाचून अंगावर काटा आला. आमचं घर गंगावेशीतच. दुसरं घर म्हणून आमचा कट्टा घ्याच. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि धारोष्ण दूध ग्लासात. तालमीची पोरं, म्हातारी माणसं, बाळाला घेऊन आलेल्या बाया, सगळी तिथंच उभ्यानं पितात. आणि म्हशींच्या मागं, गाड्यांच्या खाली, मांजरं.

लहानपणापासून बघत आलोय ते सांगतो. रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज कडक असतो. चरवी भरत आली की तोच आवाज मऊ होतो, फेसात बुडतो. मांजरं पहिल्या आवाजाला नुसता कान फिरवतात. आवाज मऊ झाला की उठतात. तुमच्या भाटीला घड्याळ द्यायचं असेल तर हे द्या.

जनावरांचा_डॉक्टर

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आधी चूक दाखवतो, कारण ती मुळातलीच आहे. करड्या भाटीला केशरी बोका होत नाही. मांजरातला केशरी रंग एक्स गुणसूत्रावर असतो. नराला एकच एक्स मिळतो आणि तो आईकडूनच. आईच्या अंगात केशरी नसेल तर मुलात तो येणार कुठून? बाप कितीही केशरी असू दे. बाप केशरी असला तर मुली मात्र काळ्या-केशरी मिश्र रंगाच्या होतात. कबरी, तिरंगी मांजरं जवळजवळ सगळी माद्याच असतात, ती याच कारणानं. तेव्हा एकतर आईला कबरी करा, नाहीतर केशऱ्याचा विचार करा.

आता दिसण्याबद्दल. मांजराला आपल्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात दिसतं, पण रंग कमी. निळा आणि पिवळसर दिसतो, तांबडा जवळपास नाहीच. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालानं माखलेला डोंगर तिला मातकट दिसेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा मात्र पिवळा असल्यामुळं पुष्कळच चांगला दिसेल. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा शेजारी ठेवले तर तिच्या डोळ्यांना त्यातला पांढराच भरेल. अगदी नाकाजवळची वस्तू तिला धूसर दिसते, तिथं मिशा काम करतात.

ऐकू येण्याचं सांगायचं तर माणसाचा कान २० हजार हर्ट्झच्या आसपास थांबतो. मांजराचा कान त्याच्या तिपटीच्याही पुढं जातो. उंदराची पिल्लं आपल्याला ऐकूच न येणाऱ्या आवाजात चिरकतात, ते तिला लख्ख ऐकू येतं. म्हणजे जे घर आपल्याला शांत वाटतं ते तिच्यासाठी भरलेलं असतं.

आणि गुऱ्हाळ. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडाची जाण ज्यानं होते त्यातला एक जनुक मांजरकुळात मोडलेला आहे. २००५ साली हे सिद्ध झालं. वाघ, चित्ता, सगळ्यांचं तसंच. तुमच्या भाटीनं काकवी चाटून डोळे मिटले असं लिहिलं असेल तर ते काढा.

दूधकट्टा, तुमचं निरीक्षण सुंदर आहे. फक्त एक काळजी: मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, बऱ्याच जणींचं पोट बिघडतं. लहान पिल्लांना तर म्हशीचं दूध पाजूच नका. गोष्टीत असो, पण वाचणारी मुलं घरी तसंच करतात.

परड्यातली_जाई

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काकवीचा तो परिच्छेद खरंच लिहिला होता. आज सकाळी फाडला.

पण त्यातून जे हाती आलं ते मूळच्यापेक्षा मोठं आहे. गुळाच्या मुलखातली मांजर आणि तिला गोड कळत नाही! गुऱ्हाळात ती काय घेईल? चुलवाणाची ऊब, काहिलीतल्या उकळीचा आवाज, चिपाडांचा वास, रस आटतानाचा तो जड वास. आणि माणसं हातावर ढेकळं घेऊन "गोड आहे, गोड आहे" म्हणताना. तिनं तो शब्द शंभर घरांत ऐकलाय. बाळाला म्हणतात, आवाजाला म्हणतात, पाण्याला म्हणतात. त्याचा अर्थ तिला कुठलाच उंबरा सांगू शकत नाही. आमच्या कथेत जादूचा मंत्र मांजराकडं नाही, माणसांकडं आहे, आणि तो आहे "गोड". दहा वर्षं लिहून मला हे सुचलं नसतं.

एक मात्र लगेच लक्षात आलं. पूर ऑगस्टात, गुऱ्हाळं पेटणार ती पाऊस गेल्यावर. त्यामुळं ते घर रस्त्यातून काढून शेवटाकडं नेते.

केशऱ्याचा विचार करतेय. त्याला सोडवत नाही.

लाल_माती

मी तालमीतला माणूस. पुस्तकं कमी वाचतो, पण हा धागा काल रात्री पुरा वाचला.

आमच्या तालमीत एक बोका येतो. हौद्यातली माती तर तुम्हाला माहीतच आहे; ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. पहाटे पोरं यायच्या आधी तो त्या मातीवर लोळून गेलेला असतो, उमट दिसते. वस्ताद त्याला हाकलू देत नाहीत.

माझं म्हणणं असं. कोल्हापुरात मांजरांची गोष्ट आणि त्यात कुस्ती नाही, असं चालायचं नाही. पण खरी अडचण बघा. आमच्यात पाठ मातीला लागली की चीतपट, कुस्ती संपली. मांजराची पाठ लागतच नाही! वरून उलटं टाका, चार पायांवर. मग त्यांच्यात हार-जीत कशी ठरवायची? खासबागेच्या कुस्ती मैदानात मांजरांची कुस्ती लावली तर पंच काय बघणार?

जनावरांचा_डॉक्टर

लाल_माती, प्रश्न लाखमोलाचा आहे. पडताना वळण्याबद्दल तुमचं बरोबर. मांजराची कंबर अतिशय लवचिक असते, गळपट्टीचं हाड सांध्याला घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळं अंगाचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळे फिरवता येतात. पिल्लं ही कला सहा-सात आठवड्यांत पुरी शिकतात. १८९४ साली फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञानं पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं घेतली, तेव्हा ती हवेत काय करते ते पहिल्यांदा नीट दिसलं.

पण भांडणात मांजर आपणहून पाठीवर पडतं, हे पाहिलंय का? ती हार नव्हे. पाठ खाली गेली की चारही पंजे आणि दात मोकळे होतात. वरचा बोका त्या क्षणी सगळ्यात जास्त धोक्यात असतो. म्हणजे तुमच्याकडं जो पराभव, तो त्यांच्याकडं शेवटचा डाव.

खरी हार-जीत बहुतेक वेळा अंगाला अंग न लावताच ठरते. समोरासमोर, नजर रोखून, दहा दहा मिनिटं. मग एकजण नजर बाजूला घेतो आणि अगदी सावकाश निघून जातो. सावकाश, कारण पळालं की मागं लागतात.

लाल_माती

डॉक्टर, हे वस्तादांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जुने पैलवान सलामीला हात मिळवायच्या आधीच नजरेनं अर्धी कुस्ती करायचे.

जाईताई, तालमीचं घर पाहिजेच. नजरेची कुस्ती लिहा. हलगीसुद्धा वाजवू नका, नुसती शांतता.

जुनी_पाने

सेवानिवृत्त शिक्षक आहे, संस्कृत शिकवत असे. धागाकर्तीचा हट्ट मला का पटला ते सांगतो.

आपल्या जुन्या कथांत मांजर येतं ते ढोंगी म्हणून. हितोपदेशातला दीर्घकर्ण आठवा. आंधळ्या जरद्गव गिधाडाला धर्माच्या गोष्टी सांगून ढोलीत शिरतो आणि पक्ष्यांची पिल्लं खातो, मार खाऊन मरतं ते बिचारं गिधाड. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या भव्य शिल्पपटातही एक मांजर पुढचे पाय वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर. आपल्या "मांजर डोळे मिटून दूध पितं" या म्हणीतही तोच आरोप आहे. या सगळ्या कथा, बारकाईनं पाहिलं तर, उंदराच्या बाजूनं सांगितलेल्या आहेत. मांजराला आपली बाजू मांडायला कुणी बोलावलंच नाही.

अपवाद एक. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची गोष्ट सांगतात. वडाखाली पारध्याच्या जाळ्यात लोमश अडकलाय. पलिताला खालून मुंगूस आणि वरून घुबड टपून बसलंय. मग पलित मांजराच्याच कुशीत शिरतो, तिथं त्याला कोण हात लावणार? बदल्यात जाळं कुरतडायचं कबूल करतो, पण शेवटचा धागा पारधी दिसेपर्यंत राखून ठेवतो. दोघं वाचतात. नंतर लोमश बोलावतो, मित्रा ये. पलित जात नाही. गरज होती तोवर मैत्री होती, असं तो तोंडावर सांगतो. त्या कथेत कुणीही खोटं नाही. दोघंही आपापल्या जातीला धरून वागतात. तुमचा नियम तोच आहे, म्हणून लिहिलं.

कुंभारवाडा

एक व्यावहारिक सुधारणा सुचवतो. शुक्रवार पेठेतून शाहूपुरीची कुंभार गल्ली म्हणजे मांजरीला परमुलूख. पिल्लू तोंडात धरून ती एवढं जाणार नाही. पण गंगावेस आणि पापाची तिकटी इकडंही कुंभारांची घरं आहेत. नदीपासून वर चढत गंगावेस, पापाची तिकटी, महाद्वार रोड, हा रस्ता सरळ आहे आणि मांजराच्या आवाक्यातला.

दुसरं सांगायचंय ते असं. पूर येतो नेमका आमच्या कामाच्या भरात. जुलै-ऑगस्टात घर गणपतींनी भरलेलं असतं, काही नुसते मातीचे, काही अर्धे रंगवलेले. पाणी चढायला लागलं की आम्ही आधी मूर्ती वर हलवतो, नंतर स्वतःचं सामान. आणि प्रत्येक मूर्तीच्या पायाशी एक उंदीर. तुमची भाटी अंधारात त्या खोलीत शिरली तर तिला किती उंदीर दिसतील, विचार करा. एकालाही वास नाही. एकही हलत नाही. सगळ्यांना वास फक्त ओल्या मातीचा.

परड्यातली_जाई

कुंभारवाडा, हात जोडते. चौथं घर तुमचं. शाहूपुरी काढली, पापाची तिकटी घातली.

दोनशे मातीचे उंदीर आणि त्यांच्यामधे भुकेली भाटी. ती एकाला पंजा लावते, तो मऊ आहे, पंजाची उमट राहते. सकाळी कुंभाराला ती उमट दिसते. तो ती बुजवत नाही.

माजघर

जाई बाळा, मी काही लेखक नाही, नातवाकडून टंकून घेते. पण एक सांगावंसं वाटलं.

बाळ झालं की सहाव्या रात्री सटवाई येती. आम्ही पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायचो, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाती, दिसत कुणाला नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, घरातली मांजर त्या रात्री कोपऱ्याकडं एकटक बघती, कारण तिला दिसती.

तुझ्या पिल्लांची सहावी रात्र कुठल्या घरात येती ते बघ. पिल्लांचे डोळे तेव्हा उघडलेले नसतात ना?

जनावरांचा_डॉक्टर

आजी, नसतात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. तुमचा हिशोब अगदी बरोबर बसतो.

जुनी_पाने

वहिनी, तुमच्या सासूबाईंच्या बोलण्याला मोठा आधार आहे. सटवाई म्हणजे षष्ठी, आणि षष्ठीचं वाहन मांजर. बंगालात तिची पूजा मोठ्या प्रमाणावर होते. तिथल्या व्रतकथेत सून स्वतः चोरून खाते आणि आळ मांजरीवर घालते. मग मांजर तिची बाळं उचलून थेट देवीकडं नेऊन ठेवते, आणि सुनेनं चूक कबूल केल्यावर ती परत मिळतात. मुलांना तोंडात धरून नेणारी मांजर तिथंही आहेच.

परड्यातली_जाई

माजघर आजी, आज स्वयंपाक करताना डोळे भरून आले. सहाव्या रात्री सटवाई पिल्लांच्या कपाळी लिहितेय, त्यांचे डोळे बंद आहेत, आणि एकटी भाटी जागी आहे. तिनं वाचलेलं ती पिल्लांना सांगेल का, हा प्रश्न आता सगळ्या कादंबरीभर पुरेल.

सोनतळी

उशिरा आलो. तुमच्या मांजरांना पूर्वज हवे असतील तर कोल्हापूरइतका वारसा क्वचित कुठल्या गावाला असेल. संस्थानच्या काळात इथं पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार चालायची. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याला गाडीवर बसवून माळावर न्यायचे, डोळ्यांवर टोपी चढवलेली. काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची. नंतर १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

आणि चित्ता डरकाळी फोडत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो. पेठेतल्या मांजरांच्या दंतकथेत तो "डोळे बांधलेला थोरला" असेल. बोली त्यांचीच, आवाज तेवढा मोठा.

परड्यातली_जाई

डोळे बांधलेला थोरला. डोळे न उघडलेली पिल्लं. डोळे मिटून दूध पिणारी म्हणीतली मांजर. तुम्ही सगळ्यांनी न ठरवता एकच गोष्ट माझ्या हातात ठेवलीत.

शब्दवेडी

माहेर कोल्हापूर, सध्या बाहेरगावी. भाषेबद्दल लिहिते.

मराठीत "मांजर" नपुंसकलिंगीही आहे: ते मांजर, ते पिल्लू. मोठं झाल्यावर ती भाटी, तो बोका. म्हणजे व्याकरणानंच वयात येणं सांगून ठेवलंय. सहाव्या रात्रीपर्यंत पिल्लांना "ते" म्हणा. कपाळी लिहिलं गेलं की त्यानंतरच "तो" आणि "ती".

दुसरं म्हणजे, भाटीला पुस्तकी बोलू देऊ नका. आपल्याकडच्या बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात, बाहेर लोक हसतात. मी होस्टेलवर असताना हे इतकं ऐकलं की बोलणंच बदललं, आणि आता आईशी फोनवर बोलतानासुद्धा ते परत येत नाही. तुमच्या भाटीला ते बोलू द्या. "गप पड, मी आत्ता येतो," असं ती पिल्लांना म्हणू दे.

दूधकट्टा

शेवट अंबाबाईच्या देवळाजवळ म्हणालात. देवीला पात्र करू नका एवढी विनंती. श्रद्धेचा भाग आहे, आणि गोष्टीलाही त्याची गरज नाही.

परड्यातली_जाई

दादा, नाही करणार. शेवट किरणोत्सवाचा आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. पूर ऑगस्टातला, त्यामुळं पिल्लं तोवर तीन महिन्यांची झालेली. भाटी देवळात जात नाही. ती महाद्वार रोडवरच्या एका जुन्या घराच्या कठड्यावर उन्हात बसलीय. मांजर ऊन कधी सोडत नाही. पण तिच्या सावलीचा टोकाचा भाग त्या वाटेत येतोय. ती उठते आणि बाजूला होते, एवढंच. का उठली ते मी लिहिणार नाही.

दूधकट्टा

असं असेल तर माझी काहीच हरकत नाही. मी दर वर्षी त्या गर्दीत असतो. या नोव्हेंबरात कठड्यांकडं बघीन.

परड्यातली_जाई

मंडळी, केशऱ्याचा प्रश्न सुटला. काल रात्री लिहिलं, त्यातला तुकडा देते.

*पाण्याला सगळ्यांचा वास येत होता. शेणाचा, रॉकेलचा, कुणाच्या तरी हळदीच्या डब्याचा, न ओळखीच्या चुलींचा. भाटीनं उंबऱ्याला गाल लावला. उंबरा ओला होता आणि काही बोलला नाही. तिनं दुसऱ्यांदा लावला. काल या उंबऱ्यानं तिला एका म्हातारीचं सगळं बाळंतपण सांगितलं होतं.*

*दुसरं पिल्लू तोंडात धरून ती भिंतीवर चढली. ते लुळं लोंबत होतं, पिल्लांनी लोंबावं तसं. अर्ध्या भिंतीवर तिला आवाज आला. खाली बोटीतून बॅटरी फिरवणाऱ्या माणसांना तो ऐकू आला नाही. तो त्यांच्या कानांच्या वरचा होता. विजेच्या खांबाला एक बुट्टी अडकून गोल फिरत होती. बुट्टीत काहीतरी हलत होतं. त्याचा रंग पुराच्या पाण्याचाच होता, म्हणून ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.*

*तिनं तोंडातलं पिल्लू माळ्यावर पहिल्याशेजारी ठेवलं. "गप पडा, मी आत्ता येतो." ती परत आली. खांबापर्यंत पत्रा होता, पत्र्यापुढं काही नव्हतं. ती खाली झेपावली. हवेत तिचं अंग वळलं, पुढचं आधी, मागचं नंतर, आणि चार पाय बुट्टीच्या काठावर आले.*

*पिल्लाला कुठल्याच आईचा वास नव्हता. पाण्यानं तोही नेला होता. कुणाचं हे, असं उंबऱ्याला विचारता आलं असतं, पण त्या रात्री गावातले सगळे उंबरे गप्प होते. तिनं त्याला चाटलं. मानेवर, कपाळावर, मिटलेल्या डोळ्यांवर. चाटून झाल्यावर वास घेतला. आता त्याला तिचा वास येत होता.*

*माळ्यावर तीन झाली.*

जनावरांचा_डॉक्टर

केशरी तिला पाण्याच्या रंगाचं दिसलं, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. शास्त्राच्या दृष्टीनं यात एक अक्षरही बदलायची गरज नाही. दूध देणारी भाटी परकं पिल्लू घेते, दवाखान्यात अनेकदा पाहिलंय.

लाल_माती

पत्र्यावरून झेप घेतली तिथं श्वास रोखला गेला. तालमीत मोठ्यानं वाचलं.

शब्दवेडी

"मी आत्ता येतो." धन्यवाद. आईला फोन करून वाचून दाखवलं.

माजघर

नातवानं वाचून दाखवलं. छान झालंय. पण बाळा, जीव एका जागी अडकला. बुट्टीतल्या त्या लेकराची आई कुठंतरी असंलच की. ती त्याला शोधत फिरत असंल. तिच्या तोंडालाही दूध सुटलं असंल. तिचं काय केलंस?

परड्यातली_जाई

आजी, ती कबरी आहे. डॉक्टरांच्या हिशोबानं केशऱ्याची आई तशी असू शकते. चौथ्या घरात, कुंभाराच्या माळ्यावर, गणपतींच्या मागं, रिकामी बसलीय. भाटी तीन पिल्लं घेऊन तिथंच यायचीय. दोघी समोरासमोर आल्यावर कोण नजर बाजूला घेतं, ते लिहायला आज रात्री बसतेय.